छोटी खाण-गुंतवणूक कंपनी सारखे नवे शेअर का काढते? बोअरच्या हिशेबानं सांगतो

काका, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळंल. तुमचा मुलगा लंडनला नोकरीला आहे, त्यानं तिथल्या एआयएम बाजारातल्या (लंडन शेअरबाजाराचा छोट्या कंपन्यांसाठीचा भाग) एका छोट्या खाण-गुंतवणूक कंपनीचे ४ लाख शेअर घेतलेत, १ पेनीच्या (पौंडाचा शंभरावा भाग) भावानं, म्हणजे ४,००० पौंड घातलेत. आता कंपनी म्हणतीय की आधीचे ४० कोटी शेअर आहेत त्यात अजून १६ कोटी नवे काढणार, तेही बाजारात १ पेनी भाव असताना ०.७ पेनीला, आणि वर दर दोन नव्या शेअरमागं एक वॉरंट, म्हणजे पुढं ठरलेल्या भावानं शेअर घ्यायचा हक्क, फुकट. तुम्ही विचारलंय, "आमच्या पोराला सरळसरळ लुटायलेत का हे?"

मी सीए आहे, सोलापूरला नवी पेठेत बसतो, पण त्याआधी नऊ वर्षं मुंबईत एका ऑफिसात लंडनच्या अशाच चिल्लर कंपन्यांचे हिशेब आणि शेअर-इश्यूचे कागद करायचं काम केलंय. त्यामुळं तुम्ही पाठवलेलं कंपनीचं ते निवेदन वाचताना जुनी गल्ली परत दिसल्यासारखं झालं. लूट आहे का, तर थोडी आहे, पण तुम्ही जिथं बघताय तिथं नाही.

आधी एक घरची गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय हे डोक्यात बसणार नाही. २०१९ चा उन्हाळा, आपल्याकडचा दुष्काळ तुम्हाला आठवत असंल. मंद्रूपच्या बाजूला माझ्या चुलत्यांची आठ एकर आहे, तिथं बोअर मारायचं ठरलं. पाणाड्यानं हातावर नारळ धरून रान फिरलं, एका जागी नारळ उभा राहिला, तिथं चुन्यानं फुली मारली. टीएन पासिंगची बोअरगाडी रात्री दहाला आली. पहिले दोनशे फूट नुसती धूळ, सगळ्यांच्या केसात, भुवयांत, चहाच्या कपात. ३२० फुटाला ओला चिखल वर आला तसे सगळे नाचायलेत, पण पाणी म्हणावं तर बोटभर पण नाही. बोअरवाल्याचा फुटाचा दर खोल जाईल तसा वाढतो, केसिंग पाईपचे वेगळे, आणि ३५० फुटाला चुलत्यांचे पैसे संपले. मशीन थांबवलं, कॉम्प्रेसर घरघरतोय, एजंट म्हणतोय "मालक, और पचास फुट डालूं क्या, नहीं तो गाडी निकालता". गाडी एकदा गेली की परत आठ दिवस मिळत नाही. चुलत्यांनी रात्री एक वाजता साडूला फोन लावला, बांधाला बांध लागून त्याचं रान. म्हणाले, चाळीस हजार घाल, पाण्यात चौथा हिस्सा तुझा. साडू म्हणाला, चौथा नाही, तिसरा.

दिला. रात्री एकला मशीन उभं असताना भाव करत बसत नाही कुणी.

आता तुमच्या पोराच्या कंपनीकडं या. ही कंपनी स्वतः खाण चालवत नाही, दुसऱ्यांच्या खाणींच्या शोधात हिस्से घेते. तुमच्या निवेदनात तीन हिस्से दिसतात, एक ऑस्ट्रेलियात लिस्टेड असलेल्या सोनं शोधणाऱ्या कंपनीत, आणि दोन झांबियातल्या तांब्याच्या परवान्यांमध्ये जे कुठंच लिस्टेड नाहीत. या तिन्हीतून अजून एक ग्रॅम माल निघालेला नाही. म्हणजे डिव्हिडंड नाही, भाडं नाही, व्याज नाही, काही नाही. आणि खर्च? तो दर महिन्याला येतोच. एआयएम १९९५ साली सुरू झालं तेव्हापासूनचा नियम आहे की प्रत्येक कंपनीला एक नॉमिनेटेड ॲडव्हायझर ठेवावाच लागतो, तिथं सगळे त्याला नोमॅड म्हणतात, तो सोडून गेला की शेअरचं ट्रेडिंगच बंद. त्याचे वर्षाचे चाळीस-पन्नास हजार पौंड सहज जातात, मग ब्रोकर, ऑडिटर, वकील, एक्स्चेंजची फी, रजिस्ट्रार, आणि दोन-तीन डायरेक्टरांचे पगार. तुमच्या कंपनीचा खर्च महिन्याला ३५ हजार पौंड आणि बँकेत शिल्लक १ लाख २० हजार. म्हणजे साडेतीन महिनेसुद्धा नीट निघत नाहीत. ऑडिटरला ताळेबंदावर सही करायची तर पुढच्या बारा महिन्यांचा पैसा कुठून येणार हे बघावं लागतं, नाहीतर तो अहवालात सरळ लिहितो की कंपनी पुढं चालंल का याचीच खात्री नाही, आणि ते वाक्य छापून आलं की भाव अजून खाली.

बँक कर्ज देत नाही. का देईल? आपल्याकडं लूमवाल्याला बँक कर्ज देते कारण चादर विकली जाते, टॉवेलची ऑर्डर असते, शेडची जागा असते. इथं तारण काय ठेवणार, झांबियातल्या झुडपाखालचा दगड? त्यामुळं अशा कंपनीकडं दुकानात विकायला एकच माल असतो आणि तो म्हणजे स्वतःचे शेअर. लोक यालाच घोटाळा समजतात, पण छोट्या खाण कंपनीनं शेअर काढणं म्हणजे लूमवाल्यानं सूत आणण्यासारखं आहे, त्याशिवाय माग चालतच नाही.

तुम्ही म्हणाल मग आहे तो हिस्सा विकून खर्च भागवा की. विकतात, पण झांबियातले हिस्से घ्यायला गिऱ्हाईक कोण, आणि बऱ्याच करारांत आधी भागीदारालाच विचारायचं बंधन असतं. ऑस्ट्रेलियातला शेअर लिस्टेड आहे खरा, पण तिथं रोजचा व्यवहार इतका पातळ की यांनी विकायला काढले की भाव दोन दिवसांत पंधरा-वीस टक्के पडतो, आणि मग राहिलेल्या हिश्शाची किंमत यांच्याच पुस्तकात कमी होते. स्वतःच्या पायावर धोंडा.

आणि मुख्य मुद्दा जो बहुतेकांना दिसतच नाही, तो म्हणजे या कंपन्यांवर डायल्यूशन, म्हणजे नवे शेअर निघाले की जुन्यांचा वाटा पातळ होणं, दोन मजल्यांवर होतं. खालच्या मजल्यावर ती शोध घेणारी कंपनीसुद्धा पैशासाठी नवे शेअर काढत असते. तिनं काढले आणि यांनी त्यात पैसे घातले नाहीत की यांचा हिस्सा घटला. तुमच्या निवेदनात झांबियाचा करार नीट वाचा, त्यात आहे की येत्या मार्चअखेर ५ लाख पौंड ड्रिलिंगवर खर्च केले तर यांचा हिस्सा २५ टक्क्यांवरून ५१ होतो, नाही केले तर २५ वरच राहतो आणि पुढचे निर्णय दुसरा भागीदार घेणार. आता इथं वरच्या मजल्यावर शेअर न काढता हात बांधून बसलं तर तुमच्या पोराची टक्केवारी तशीच राहील, पण ज्याची टक्केवारी आहे तेच आटंल. साडूला हिस्सा दिला नसता तर चुलत्यांकडं ३५० फूट कोरड्या भोकाची पूर्ण मालकी राहिली असती.

अजून एक वापर असतो, तुमच्या निवेदनात नाही पण दुसऱ्यांत दिसंल. नवा परवाना विकत घेताना रोख देण्याऐवजी विकणाऱ्यालाच शेअर देतात. त्यात मला स्वतःला आवडतं ते हे, की विकणारा रोख न मागता शेअर घ्यायला तयार आहे आणि वर वर्षभर विकणार नाही म्हणून लिहून देतोय, तर त्याला स्वतःच्या मालावर थोडातरी भरोसा आहे. पाणाडे सगळेच नारळ उभा करतात, पण फीऐवजी पाण्यात हिस्सा घेतो म्हणणारा पाणाड्या मी तरी अजून बघितला नाही.

आता हिशेब. इथं जरा सावकाश वाचा, कागद-पेन घ्या.

कंपनीच्या हिश्श्यांची पुस्तकी किंमत ६० लाख पौंड आणि रोख १ लाख २० हजार, एकूण ६१ लाख २० हजार. भागिले ४० कोटी शेअर, म्हणजे शेअरमागं मालमत्ता १.५३ पेनी. बाजारात भाव १ पेनी. आता १६ कोटी शेअर ०.७ ला म्हणजे ११ लाख २० हजार पौंड येणार, त्यातून ब्रोकरचं कमिशन, वकील वगैरे लाखभर जाणार, हातात १० लाख २० हजार. नवी मालमत्ता ७१ लाख ४० हजार, भागिले ५६ कोटी, शेअरमागं १.२७५ पेनी. तर १.५३ चे १.२७५ झाले, साधारण १७ टक्के घट. तुमच्या पोराचा कंपनीतला वाटा मात्र ०.१ टक्क्यावरून ०.०७१४ वर आला, ही घट २९ टक्क्यांच्या जवळ. लोक ही २९ बघून बोंब मारतात. पण खरं नुकसान २९ नाही, १७ आहे, कारण वाटा छोटा झाला तरी भाकरी मोठी झालीय, तिच्यात दहा लाखांचं पीठ नवं पडलंय. हेच शेअर १.५३ ला गेले असते आणि खर्च शून्य धरला असता तर वाटा तितकाच घटला असता पण मालमत्तेचं नुकसान एक पैसाही झालं नसतं. म्हणजे दुखणं नव्या शेअरच्या संख्येत नाही, भावात आहे. मालमत्तेच्या निम्म्या भावाला शेअर विकले म्हणजे जुन्यांच्या खिशातून नव्यांच्या खिशात तेवढं सरकलं, एवढं साधं आहे.

मग ०.७ ला का विकले? तेच, रात्रीचा एक वाजलेला. साडेतीन महिन्यांची शिल्लक असलेल्या कंपनीला ब्रोकर फोन करतो तेव्हा समोरच्याला ताळेबंद पाठ असतो. चांगली मॅनेजमेंट काय करते, बाजार तापलेला असतो तेव्हाच पैसे उचलून ठेवते, गरज नसताना. २०२२ च्या अखेरीस चीनमध्ये लिथियम कार्बोनेट टनाला ६ लाख युआनच्या आसपास गेलं होतं, तेव्हा लिथियम शब्द नावात असलेल्या कंपनीलाही पैसे मिळायचे. वर्षभरात तो भाव लाखाच्या घरात आला आणि ज्यांनी तेव्हा उचलले नाहीत ते नंतर ब्रोकरच्या दारात उभे राहिले. २०२५ च्या ऑक्टोबरात सोनं औंसाला ४,००० डॉलरच्या वर गेलं तेव्हा सोनेवाल्यांची दिवाळी झाली. त्यामुळं चालू भाव चांगला असताना कंपनीनं शेअर काढले की मी वाईट मानत नाही, उलट हुशारी मानतो. तुमच्या कंपनीच्या डायरेक्टरांनी ऑस्ट्रेलियाचा हिस्सा वर गेला होता आणि स्वतःचा शेअर त्यांच्याच तक्त्याप्रमाणं १.८ पेनीला होता तेव्हा झोपा काढल्या, हा माझा त्यांच्यावरचा पहिला राग.

दुसरा राग वॉरंटवर. दर दोन नव्या शेअरमागं एक वॉरंट, म्हणजे दोन वर्षांत कधीही १.४ पेनी भरून शेअर घ्यायचा हक्क, एकूण ८ कोटी. यानं दोन गोष्टी होतात. प्लेसिंगमध्ये, म्हणजे ब्रोकरनं ठराविक गिऱ्हाइकांना थेट विकताना, शेअर घेणारे बरेचजण ०.७ चा शेअर हातात आला की ०.७५-०.८ ला लगेच विकून मोकळे होतात आणि वॉरंट फुकटात ठेवतात, त्यामुळं पुढचे काही आठवडे भावावर माल लोंबकळत राहतो. आणि उद्या तांबं लागलं, भाव २ पेनी झाला, तर १.४ ला ८ कोटी शेअर अजून येणार. अर्थात तेव्हा कंपनीला ११ लाख २० हजार पौंड येतील, बरोबर आजच्या एवढेच, त्यामुळं ते पूर्ण वाईट नाही, पण मालमत्ता मोजताना ते पैसे मिळवून ५६ नाही ६४ कोटीनं भागून पण एकदा बघा.

तुम्ही विचारलंय की जुन्या शेअरहोल्डरला आधी का विचारलं नाही. इंग्लंडच्या २००६ च्या कंपनी कायद्यात मुळात तसंच आहे, रोख पैशासाठी नवे शेअर काढायचे तर आधी जुन्यांना त्यांच्या प्रमाणात द्यायचे. पण दरवर्षीच्या सभेत तीन चतुर्थांश मतांनी ठराव करून तो हक्क बाजूला ठेवता येतो, आणि या छोट्या कंपन्या दरवर्षी तो ठराव करूनच घेतात, कारण सगळ्यांना विचारत बसायला वेळ आणि वकिलाचा खर्च दोन्ही लागतं. तुमच्या पोराकडं त्या ठरावाचा मेल आला असणार, त्यानं उघडला नसणार. कुणीच उघडत नाही, मी पण माझे सगळे उघडत नाही.

आपल्याकडं हे इतकं सोपं नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यात राइट्स (जुन्यांना त्यांच्या प्रमाणात) वेगळा, प्रेफरन्शियल (निवडक लोकांना) वेगळा, आणि लिस्टेड कंपनीला प्रेफरन्शियल करायचं तर त्याच इश्यूसाठी तीन चतुर्थांश मतांचा विशेष ठराव लागतो. भावालाही सेबीनं खालची मर्यादा घातलीय, शेअरमध्ये नियमित व्यवहार असतील तर मागच्या ९० आणि १० ट्रेडिंग दिवसांच्या सरासरीपैकी जी जास्त तिच्या खाली जाता येत नाही. वॉरंटला २५ टक्के आधी भरावे लागतात आणि १८ महिन्यांत बाकीचे, नाही भरले तर ते २५ टक्के गेले. बाहेरच्या गुंतवणूकदारालाही सहा महिने लॉक-इन, त्यामुळं घेतला आणि सकाळी विकला हे जमत नाही. एआयएमवर असं काही नाही, डिस्काउंट किती द्यायचा ते बाजार ठरवतो. एक मर्यादा मात्र तिथंही पक्की आहे, शेअरच्या दर्शनी किमतीखाली, म्हणजे कागदोपत्री ठरवलेल्या मूळ किमतीखाली, नवे शेअर विकता येत नाहीत. माझ्या मुंबईच्या दिवसांत एका कंपनीची दर्शनी किंमत ०.१ पेनी आणि बाजारभाव ०.०८ झाला होता, बँकेत पैसा नाही आणि कायद्यानं शेअर विकता येत नाही, मग सभा बोलावून प्रत्येक शेअरचे दोन तुकडे केले, एक खरा आणि एक नुसता कागदावरचा, काहीच हक्क नसलेला. त्या नोटिशीचा मसुदा मी रात्री अकराला तिसऱ्यांदा दुरुस्त केलेला आठवतोय, आणि तो कशासाठी तर अजून चार महिने ऑफिस चालावं म्हणून. तिथंच कळलं होतं की ही कंपनी संपली. माझे स्वतःचे पण थोडे होते त्यात, गेले.

म्हणून मी अशा निवेदनात भाव नंतर बघतो, आधी पैसा कुठं जाणार तो परिच्छेद. बोअर आमचा ४१० फुटाला लागला, अडीच इंची पाणी, साडूचा तिसरा हिस्सा कुणालाच खटकला नाही, फक्त चुलतीनं एकदा म्हणून दाखवलं की आता आमची पाळी दोन दिवसांनी येती. पण पुढच्या वर्षी मोटर जळाली, मग स्टार्टर, मग लाइट बिल थकलं, आणि चुलते प्रत्येक वेळी पाण्यातला अजून थोडा हिस्सा कुणाला ना कुणाला द्यायला निघाले, तेव्हा वडलांनी घरात बसवून सांगितलं की खोल जायला हिस्सा दे, बिल भरायला देऊ नको, बिल पिकातून भर.

तुमच्या निवेदनात १० लाख २० हजारांपैकी ५ लाख झांबियाच्या ड्रिलिंगला जातात, ते मला मान्य आहे, ५१ टक्क्यांसाठी ते घालायलाच पाहिजेत. ३ लाख ५० हजार दहा महिन्यांचा खर्च, नाइलाज. उरलेले १ लाख ७० हजार "थकीत देणी", आणि तळटीप बारकाईनं वाचली तर त्यात मोठा भाग डायरेक्टरांचे थकलेले पगार आहेत. तुम्हाला जी लूट शोधायची आहे ती ही. बाहेरच्यांना ०.७ ला शेअर घ्या म्हणायचं आणि स्वतःचे थकलेले पगार रोखीत उचलायचे. बऱ्या कंपन्यांत डायरेक्टर अशा वेळी पगाराऐवजी त्याच ०.७ च्या भावानं शेअर घेतात, वर थोडे स्वतःचे पैसे पण घालतात. इथं तीनपैकी एकानंच घातलेत, १० हजार पौंड. एकानं का होईना घातलेत, पण बाकी दोघांना स्वतःच्या तांब्यापेक्षा पगार जवळचा वाटला एवढं नक्की.

आता करायचं काय. निवेदनाच्या शेवटी रिटेल ऑफर आहे, जुन्या छोट्या शेअरहोल्डरांना त्याच ०.७ ला घेता येईल, पण वॉरंटशिवाय, आणि ती शुक्रवारी दुपारी बंद होतीय. पोराला सांगा आधी स्वतःच्या ब्रोकरला विचार की तो या ऑफरमध्ये आहे का, सगळे नसतात, आणि ब्रोकरची स्वतःची मुदत बऱ्याचदा आधीच संपते. वाटा आहे तेवढाच टिकवायला त्याला १ लाख ६० हजार शेअर लागतील, म्हणजे १,१२० पौंड. मी असतो तर निम्मे घेतले असते आणि निम्मे सोडले असते, कारण तांब्याच्या ड्रिलिंगवर मला पैसे लावायचेत, डायरेक्टरांच्या पगारावर नाही, आणि दोन्ही एकाच पुडीत बांधून विकायलेत. तुम्ही इथनं पैसे पाठवायचा विचार करू नका, एलआरएसची (परदेशात पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) वर्षाला २ लाख ५० हजार डॉलरची मर्यादा भरपूर आहे तो प्रश्न नाही, पण बँकेत फॉर्म भरेपर्यंत शुक्रवार निघून जाईल. त्याचे पैसे तिथंच आहेत, त्यालाच ठरवू द्या.

आणि सभेची नोटीस आली की यावेळी मेल उघडून मत दे म्हणावं, पुढच्या वर्षीचा तोच ठराव परत येणार आहे. मार्चअखेर ड्रिलिंगचे निकाल आले की मला पाठवा, किती मीटरला किती टक्के तांबं एवढी एक ओळ पुरे.